चांदीवरील मुद्रा

जुनी चांदी मोडीस निघाली म्हणजे कोल्हापुरांतील गुजरींत ती आधीं तराजूंत पडते व मग मुशींत जाते. तिच्यावर कांहीं कोरलें आहे काय, हें क्वचितच पाहिलें जातें. वितळल्यावर तो लेख कायमचा नष्ट होतो. म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

डच लोक आपणांस अगदींच परके नव्हेत. सतराव्या शतकांत विजापूरकरांच्या अमलांतील वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. त्यांच्या देशचा एखादा जुना चांदीचा चमचा हातीं आला, तर तो उलटा करून भिंगाखालीं धरावा. तेथें १७९८ पर्यंत कारागिरांच्या श्रेणींचा अंमल होता. त्या काळच्या चमच्यावर करणाऱ्याचें चिन्ह, शहराचें चिन्ह आणि वर्षाचें अक्षर आढळतें. १८१४ पासून साऱ्या देशास एकच पद्धति लागू झाली. सिंहाजवळ १ हा आंकडा असल्यास हजारांत ९३४ भाग चांदी, २ असल्यास ८३३. मिनर्व्हा देवीचें मस्तक ही तपासणी-कचेरीची खूण. कचेरी कोणती, तें तिच्या शिरस्त्राणावरील अक्षर सांगतें. लहान जिनसांवर मात्र पुष्कळदां नुसती तलवार दिसते. करणाऱ्याचीं आद्याक्षरें निराळीं.

तथापि एका मुद्रेवर विसंबूं नये. तींच आद्याक्षरें अनेकांचीं असूं शकतात. वर्षाचीं अक्षरें फिरून फिरून येतात. आणि एकोणिसाव्या शतकांत जुन्या धाटणीच्या नव्या वस्तूंवर जुन्यासारख्या मुद्रा सर्रास मारल्या गेल्या. सनद पारखतांना आपण शिक्का, मोर्तब, तारीख आणि हस्ताक्षर एकमेकांशीं ताडून पाहतों. तोच न्याय येथें लावावा.

मौज अशी कीं, कारागिराची खूण त्याच्या गौरवासाठीं नव्हतीच. भेसळ निघाल्यास धरावयाचें कोणास, एवढ्यासाठीं ती होती. परंतु त्या जामिनकीनेंच त्याचें नांव राखलें. आमच्या हुपरीचीं पैंजणें देशभर जातात; त्यांवर पेढीचा किंवा टंचाचा शिक्का सांपडेल, घडविणाऱ्याचें नांव क्वचितच. २००५ पासून आपल्याकडे चांदीस हॉलमार्क मिळूं लागला. पण तो शुद्धतेची ग्वाही देतो, घडविणाऱ्या हाताची नव्हे.

म्हणून घरांतील जुनें ताट, पळी वा पैंजण मोडीस देण्यापूर्वीं एकदां उलटून पाहावें. चांदीचें मोल तराजू सांगेल. तिच्यावर कोणाची खूण असेल, तर ती आपणांसच वाचावी लागेल.