कंपनीबाहेरच्या कॅसेटी

नांदेडच्या वजिराबादेत माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'गाणी भरून मिळतील' असंही लिहिलेलं. हा धंदा ऐंशीच्या दशकात गावोगाव चालायचा. गिऱ्हाइकानं यादी आणायची, आपण कोऱ्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून द्यायची. पण मार्च उजाडला की गायन पार्टीवाले यायला लागायचे. त्यांना स्वतःचीच गाणी भरायची असायची, आणि तीही १४ एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या आत.

गायन पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी, एक मुख्य गायक आणि मागं दोन-तीन कोरसवाले. घराणं म्हणाल तर आंबेडकरी जलशाचं. भीमराव कर्डकांनी नाशिककडून जलसा उभा केला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता; आमच्याकडं ही हवा खऱ्या अर्थानं मोकळी झाली ती १९४८ नंतर. मग वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, अक्षरं शिकले ते मोठेपणी. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी गायकांनी त्यांच्यामागं कोरस धरत धरत स्वतःची पार्टी काढली.

या लोकांची तबकडी निघणं शक्यच नव्हतं. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला, १९२८ पासूनचा. मुखेडच्या पार्टीला तिथं कोण ओळखतंय? फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट आणली, पुढं आखातातून परतणाऱ्यांच्या हातून टू-इन-वन आले, १९८३ मध्ये टी-सीरिज उभी राहिली आणि कॅसेट एकदम स्वस्त झाली. ज्याच्या घरी दोन टेप आणि एक वायर, तो कंपनी.

कंपन्या भीमगीतं काढत नव्हत्या असं नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कंपन्यांनीच घरोघर पोचवले, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण माझ्या दुकानात येणाऱ्या कंपनीच्या भीमगीतांत बाबासाहेबांचा जन्म असायचा, रमाईचे कष्ट असायचे, दीक्षाभूमी असायची. टेंभुर्णी नसायची.

टेंभुर्णी आमच्या नांदेड जिल्ह्यातली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आलं. सुगावचे जनार्दन मवाडे त्याच दिवसांतले बळी. ही नावं, ही गावं, कुणाच्या झोपड्या जळाल्या, पोलीस कुठं उभे होते, हे सगळं गाण्यात होतं. आणि ती गाणी ज्या कॅसेटवर होती तिच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं.

भरायचं काम रात्रीचं, कारण दिवसा रस्त्याचा आवाज आणि विजेचा भरवसा नाही. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावायची. मग तीच कॅसेट नीट विजेवर लावली की गायकाचा आवाज पातळ आणि चढा लागायचा. शटर खाली ओढायचं, त्याला आतून वाकळा टांगायच्या, पंखा बंद. माइक एकच. त्यामुळं कुणाचा आवाज किती हे बसायच्या जागेवर ठरायचं. गायक माइकपासून हातभर, पेटी शेजारी, कोरस पाठीमागं उभा, बेंजो कोपऱ्यात आणि ढोलकीवाला थेट मागच्या दारापाशी. तो बिचारा दर वेळी रुसायचा. कुणी चुकलं की रीळ मागं घेऊन गाणं पुन्हा पहिल्यापासून. मधलं कापून जोडायची सोय नव्हती.

सगळ्यात मोठी भांडणं वेळेवरून. कोरी कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. स्टेजवर हाच गायक शेर, आलाप, सवाल-जवाब करत एक गाणं अर्धा तास ओढायचा. कॅसेटवर एका बाजूला पाच गाणी बसवायची तर प्रत्येकाला सहा मिनिटं. माझ्या समोर बसून कवी लोकांनी कडवी छाटली. खरं सांगायचं तर निम्मी गाणी त्यामुळं सुधारली.

पैसा वस्तीच्या पट्टीतून. कुणी कोऱ्या कॅसेटी घेऊन द्यायचं, कुणी छपाईचा खर्च उचलायचं. आणि हिशेब कॅसेटमध्येच असायचा! गाणं सुरू होण्याआधी गायक स्टेजसारखंच बक्षीस जाहीर करायचा: अमक्या नगरच्या अमक्या भावाकडून अकरा रुपये, महिला मंडळाकडून एकवीस, पार्टी आभारी आहे, जयभीम. मग ढोलकीवर थाप. कव्हर लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये एका निळ्या शाईत व्हायचं, जयंतीच्या पावतीपुस्तकाला वापरलेलाच बाबासाहेबांचा ब्लॉक लावून. विक्री जयंतीला, पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगरात, दसऱ्याला नागपुरात, ६ डिसेंबरला दादरला. उरलेल्या कॅसेटी नातेवाइकांत.

१९९३ चं साल मला वेगळं आठवतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. दिवाळीनंतर लातूरची एक पार्टी एसटीनं आली, भूकंपाची गाणी घेऊन. एक बाजू भरली. दुसरी भरायची राहिली होती तेव्हाच, २५ नोव्हेंबरला, नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी विद्यापीठाच्या रखडलेल्या नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. पार्टी परत आली आणि दुसरी बाजू त्यांच्यावर भरली. एका बाजूला किल्लारी, दुसऱ्या बाजूला नामांतर, मध्ये फक्त कॅसेट उलटायची. मराठवाड्याची ती दोन महिन्यांची अवस्था याहून नेमकी कुठल्या ग्रंथात नाही, असं माझं मत आहे.

पुढं १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मागणीची गाणी एका दिवसात जुनी झाली. पार्ट्या आनंदाची गाणी घेऊन आल्या, आणि कोऱ्या कॅसेटचा खर्च वाचावा म्हणून म्हणाल्या, जुन्यावरच भरा. मूळ कॅसेट अशी पुसली जायची. कंपनीकडं निदान मूळ प्रत जपून राहते. इथं मूळ प्रत म्हणजे एका माणसाच्या पिशवीतली कॅसेट. तिच्यावरून काढलेल्या नकला, नकलांच्या नकला, आणि दर पिढीला खरखर वाढलेली.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीनं परवा विलायतेतल्या पंक संगीताची गोष्ट सांगितली. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नावाच्या चौघा पोरांनी ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. कुठलं गाणं कितव्यांदा वाजवलेलं घेतलं तेही मागं छापून टाकलं. मला ती पोरं आवडली. आपलं काम कसं झालं हे लपवायचं नाही, ही रीत आमच्या बक्षीस वाचणाऱ्या गायकासारखीच. फरक एवढा की तिकडं उसने पैसे दिले तर तबकडी दाबून देणारा कारखाना होता. शिवाय त्यांच्या तबकडीवर आज पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, आणि आमच्या कॅसेटींची साधी यादीही माझ्या पाहण्यात नाही. नामांतराचा अभ्यास करणारे ठराव वाचतात, कात्रणं वाचतात. चांगलंच आहे. पण टेंभुर्णीचं गाणं १९८५ साली जयंतीच्या मिरवणुकीत कसं म्हटलं जायचं, हे कात्रणात मिळणार नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात माळ्यावर, ट्रंकेत अशी निळ्या कव्हरची कॅसेट असेल तर आधी तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुंट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतं. बुरशी दिसली तर टेपमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. संगणकावर उतरवून घेताना पार्टीचं नाव, गाव आणि साल कागदावर लिहून ठेवा. आणि गाण्याआधीची बक्षिसाची नावं कापू नका.