पोलीस ॲक्शन: त्या लढाईचा हुकूम कोणी दिला?

माझ्या दादीचे कॅलेंडर वेगळे होते. तिला इसवी सन कळत नसे, हिजरी सालही नेमके सांगता येत नसे. घरातली कुठलीही जुनी गोष्ट निघाली की ती म्हणायची, "वो पुलीस ॲक्शन के पहले का किस्सा है." लग्न, दुष्काळ, विहीर खोदली ते साल, सगळे या एका खुंटीला टांगलेले. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या मुस्लिम घरांत हीच गत आहे. हिंदू घरांतही जुनी माणसे "रझाकारीत" असे म्हणतात. घटना एकच, खुंट्या दोन.

आमचे कुटुंब उमरग्याच्या बाजूचे. मी कामासाठी इकडे आलो आणि दिघीत राहिलो. दिघी, भोसरी, चाकण या पट्ट्यात अर्धा मराठवाडा राहतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. १७ सप्टेंबरला मोबाईलवर मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा येतात आणि मीही पाठवतो. निजामाचे राज्य जायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुमारे ८५ टक्के हिंदू प्रजा, लोकांना उत्तर देणारे विधिमंडळ नाही, राजा ठरवील ते धोरण. असे राज्य १९४८ साली टिकवण्यात कोणाचेच भले नव्हते, मुसलमानांचे तर मुळीच नाही.

पण दिघीत राहिल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या वस्तीच्या आजूबाजूला लष्कराच्या जागा, काटेरी तारा, डीआरडीओची संस्था, आर्मी इन्स्टिट्यूट. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना लष्करी ट्रक जातात. आमच्या इमारतीत एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांना एकदा विचारले, "काका, निघायचा हुकूम आला की तो कोणी दिला हे तुम्हाला कळायचं का?" ते हसले. "हुकूम वरून येतो. किती वरून, ते आपण कशाला विचारायचं?"

तर १९४८ चा हुकूम किती वरून आला होता?

त्याचा एक धागा पुण्यातूनच जातो. सदर्न कमांडचे मुख्यालय पुण्यात. हैदराबादवर चढाई करायची झाल्यास कशी करायची, याचा आराखडा इथले कमांडर एरिक गोडार्ड यांच्या काळात तयार झाला. प्रत्यक्ष कारवाई झाली तेव्हा त्या जागेवर राजेंद्रसिंहजी होते. मुख्य फौज सोलापुरातून निघाली, तिचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे. १३ सप्टेंबरला नळदुर्ग, मग उमरगा. १७ तारखेला सगळे संपले.

हा झाला सैनिकी भाग. निर्णय दिल्लीत झाला, आणि तो सरळ झाला नाही. सरदार पटेल कारवाईच्या बाजूचे होते, नेहरू बराच काळ थांबा म्हणत होते. सरसेनापती अजून इंग्रजच होते, जनरल रॉय बुचर. त्यांनाही कारवाई पुढे ढकलावी असे वाटत होते. ७ सप्टेंबरला नेहरूंनी संविधान सभेत, म्हणजे तेव्हाच्या संसदेत, निवेदन केले: रझाकारांवर बंदी घाला, सिकंदराबादेत भारतीय फौज परत येऊ द्या. सहा दिवसांनी फौजा निघाल्या. सभागृहाला माहिती मिळाली होती, पण हुकूम मंत्रिमंडळाचा होता.

आणि त्याला नाव दिले पोलीस ॲक्शन. रणगाडे होते, विमाने होती, दोन्ही बाजूंना गणवेशातले सैन्य होते, हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी रीतसर शरणागती दिली. तरी नाव पोलिसांचे. सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. हैदराबाद हे परके राष्ट्र नाही, मग तिथे युद्ध कसले? युद्ध म्हटले असते तर निजामाचे स्वतंत्र राज्य असल्याचे आपणच मान्य केल्यासारखे झाले असते. निजामाने २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेलेलीच होती.

गंमत अशी की, हा शब्द आदल्याच वर्षी डचांनी वापरला होता. जुलै १९४७ मध्ये त्यांनी इंडोनेशियावर फौजा घातल्या आणि त्याला पोलिसी कारवाई म्हटले. तेव्हा तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या देशांत भारत पुढे होता! हैदराबाद म्हणजे इंडोनेशिया नव्हे, हे मला कळते. पुढे १९५० मध्ये कोरियात सैन्य पाठवल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही हाच शब्द मान्य केला. त्यांच्या राज्यघटनेत युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे. युद्धच नाही म्हटल्यावर काँग्रेसकडे जायचे कशाला? म्हणून मला वाटते, अधिकार कोणाकडे आहे हे बघण्याआधी त्या गोष्टीला नाव काय दिले आहे ते बघावे.

आता आपल्या लोकांबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धाच राहील. दुसऱ्या बाजूचा हुकूम कोणाचा होता? कागदावर मीर उस्मान अली खान यांचा. प्रत्यक्षात कासीम रझवी या लातूरच्या वकिलाचा, ज्याच्याकडे कसलेही सरकारी पद नव्हते. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीशी करार करायला निघालेल्या शिष्टमंडळाची वाट त्याच्या जमावाने अडवली आणि निजामाने शिष्टमंडळच बदलले. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले, तर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे नाव फार कमी वेळा येते आणि आपल्या जलशांत तर येतच नाही. रझवी सुटला तो १९५७ साली आणि पाकिस्तानात गेला. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली १९५० मध्येच नजरकैदेतून निसटून कराचीला पोहोचले होते. लढा म्हणणारे दोघेही गेले. माझ्या पणजीला गाव सोडून तालुक्यालासुद्धा जाता आले नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझे पणजोबा, बाजारात कापड विकायचे. ते रझाकार नव्हते. फौज पुढे निघून गेल्यावर तीन-चार दिवसांनी जे झाले त्यात ते गेले. दादी आणि तिची आई वाचल्या, कारण शेजारच्या पाटलांच्या वाड्यात त्यांना बळदात लपवून ठेवले होते. दादी ही गोष्ट सांगताना पाटलीणबाईंनी दिलेल्या भाकरीवरच थांबायची, पुढे जायची नाही.

नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले होते. त्यांच्या अहवालात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. सर्वात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांना. काही ठिकाणी सैनिकांनी मुसलमानांना वाचवले, काही ठिकाणी लुटीत आणि हत्येत भाग घेतला, असे दोन्ही त्यात लिहिले आहे. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून माणसे वाचवल्याचेही लिहिले आहे. पटेलांना तो अहवाल मान्य झाला नाही. अनेक दशके तो छापला गेला नाही.

पोलीस कारवाईत प्रेते मोजायची कोणाची जबाबदारी असते? मला या शब्दाचा राग आहे तो इथे.

दीड वर्षात राज्यघटना लागू झाली. कलम ५३ प्रमाणे सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हायचा. राष्ट्रपती चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. 'युद्ध आणि शांतता' हा विषय केंद्राच्या यादीत. लढाईला जाण्याआधी संसदेची मंजुरी घ्या, असे कुठेही लिहिलेले नाही. आज असा निर्णय पंतप्रधान, संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र मंत्री ज्या समितीत बसतात तिथे होतो. आणीबाणीचे मात्र वेगळे आहे. ४४ व्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो आणि महिन्याभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. नागरिकांच्या हक्कांवर गदा आणायला मतदान लागते, रणगाडे हलवायला लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, शत्रू दारात असताना मतदान कसले घेता? बरोबर आहे, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच आहे. १ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख आणि हवाई दलाचे अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. विमाने वापरायची परवानगी हवी होती. विमाने उडवणे म्हणजे लढाईची पायरी चढवणे. यशवंतराव चव्हाणांनी पंतप्रधानांसाठी किंवा बैठकीसाठी न थांबता काही मिनिटांत हो म्हटले. पाच वाजून गेल्यावर पठाणकोटहून पहिली विमाने निघाली आणि त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. तेव्हाचे लष्करप्रमुख होते जयंतनाथ चौधरी. तेच, सोलापूरहून नळदुर्गला गेलेले.

चव्हाणांनी केले ते मला योग्य वाटते. घाईच्या वेळी एका माणसाला हो म्हणावेच लागते. पण ६ तारखेला सीमा ओलांडल्याचे त्यांनी उभे राहून लोकसभेत सांगितले. चुकले असते तर कोणाला विचारायचे ते ठाऊक होते. १९४८ ला माझ्या पणजीने कोणाला विचारायचे होते? रझवीला, की नळदुर्गच्या रस्त्याने पुढे निघून गेलेल्या फौजेला?

दादीचे आधार कार्ड काढायला मीच तिला घेऊन गेलो होतो. जन्मतारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, पुलीस ॲक्शनला मी सात वर्षांची होते. काउंटरवरचा मुलगा गोंधळला. मी म्हटले, १९४८ वजा सात. त्याने १ जानेवारी १९४१ टाकले.