हरळी, दूर्वा, बर्म्युडा

गणपतीच्या आधीच्या दिवसांत पेण तालुक्यातून दोन गोष्टी मुंबईच्या वाटेला लागतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे: पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतल्या मूर्ती. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे शेताच्या बांधावर वाकून, कोवळा शेंडा बघून खुडलेली आणि एकवीसची जुडी करून बांधलेली दूर्वा. मूर्तीसाठी हजारो रुपये मोजणारा माणूस दूर्वांच्या जुडीवर मात्र पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. गवतच तर आहे, असं त्याला वाटतं.

पेणहून पनवेल ओलांडून पुढे गेलं की खारघर येतं. जिल्हा तोच, रायगड. तिथे डोंगराच्या पायथ्याशी सिडकोनं गोल्फ कोर्स उभारला आहे. उष्ण देशांतल्या गोल्फ मैदानांसाठी जगभर सगळ्यात जास्त भरवसा ज्या गवतावर ठेवला जातो, त्याचं नाव बर्म्युडा. आणि बर्म्युडा म्हणजे आपली दूर्वा. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. लिनियसनं १७५३ साली त्याची नोंद वेगळ्या कुळात केली होती, १८०५ साली पर्सूननं ते सायनोडॉनमध्ये आणलं. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात. बर्म्युडा बेटांशी त्याचा मूळचा काही संबंध नाही. अटलांटिकच्या पलीकडे ते बाहेरूनच गेलं आणि नाव मात्र त्या बेटांचं चिकटलं.

तिसरं नाव शेतकऱ्याचं: हरळी. हे नाव घेताना त्याच्या तोंडी कौतुक नसतं. हरळी जमिनीवर धावते आणि जमिनीखालीही. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटू शकतं. त्यामुळे नांगरानं तिचे दहा तुकडे केले, तर ओल मिळताच दहा नवी झाडं उभी राहतात. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि मुळ्या हातानं वेचून बाहेर काढायच्या, हा जुना उपाय. 'हरळीच्या मुळीसारखा चिवट' असं आपण माणसाबद्दल म्हणतो, ते या अनुभवातूनच. आणि पेराला पेर फुटत जाण्याच्या याच गुणासाठी यजुर्वेदाच्या काळापासून दूर्वेला मान आहे.

पेण-रोह्याकडे या गवताशी असलेलं नातं आणखी गुंतागुंतीचं आहे. खाडीलगतच्या खारजमिनीत भातशेती उभी आहे ती मातीच्या बांधांवर. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक धड येत नाही. या बांधांची देखभाल इतकी महत्त्वाची, की १९४८ साली मुंबई सरकारनं खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला. हरळीला खारेपणा बऱ्यापैकी सोसतो, चार महिन्यांचा धो धो पाऊस सोसतो आणि पुढचे आठ कोरडे महिनेही ती मुळांवर काढते. तिच्या जाळ्यानं बांधाची माती धरून ठेवली जाते. त्यामुळे खाचरात जी हरळी उपटायची, तीच बांधावर राहू द्यायची, हा इथला व्यवहार. गुरं ती चरतात आणि भाद्रपदात बायका तिचे शेंडे खुडतात.

आता गोल्फकडे येऊ. हा खेळ भारतात फार लवकर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईतला पहिला क्लब १८४२ सालचा. पुढे १९१७ साली विलिंग्डन क्लब निघाला आणि १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत वाढणारं बारीक पात्यांचं गवत इथल्या उन्हात टिकणं अवघड होतं. म्हणून भारतात अनेक ठिकाणी खड्ड्याभोवतीच्या भागात गवत लावतच नसत. तेल घालून दाबलेली वाळू पसरत. अशा जागेला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' म्हणत.

आपली हरळी त्या कामाला का चालत नव्हती? ती वाढत होती, पण पातं जाड, पेर लांब. गोल्फच्या ग्रीनवर चेंडू गालिच्यावरून घरंगळावा तसा जावा लागतो. त्यासाठी गवत रोज, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास कापावं लागतं. एवढं खाली कापलं की साधी हरळी विरळ होते आणि माती दिसायला लागते.

हा पेच सुटला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन नावाच्या छोट्या गावी. तो कापसाचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्यालाही बर्म्युडा गवताचा विदर्भातल्या शेतकऱ्याइतकाच राग. १९३६ साली ग्लेन बर्टन हा तरुण पैदासकार तिथल्या संशोधन केंद्रात रुजू झाला. त्यानं शेतकऱ्यांच्या या शत्रूलाच हाताशी धरलं. कापसाच्या एका जुन्या शेतात १९२९ साली बर्म्युडाचा एक जोमदार वाण सापडला होता. त्याचा दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या बर्म्युडाशी संकर करून बर्टननं पाच हजारांवर रोपं वाढवली आणि त्यांतून एक निवडलं. १९४३ साली ते 'कोस्टल' नावानं चाऱ्यासाठी बाहेर पडलं. त्याला बी जवळपास धरत नसे, त्यामुळे शेजारच्या कापसात पसरण्याची भीती कमी झाली.

मग तो गोल्फकडे वळला. दक्षिण आफ्रिकेत याच कुळातलं एक अतिशय बारीक पात्याचं गवत होतं. एका गोल्फ क्लबच्या ग्रीनवर टिकून राहिलेल्या बर्म्युडाशी त्याचा संकर करून १९५६ साली 'टिफग्रीन' आलं, १९६० साली 'टिफवे'. हे संकर वांझ होते. एका पालकाकडे गुणसूत्रांचे चार संच, दुसऱ्याकडे दोन, म्हणून पोरांकडे तीन. तीनची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी तयार होत नाही. असं गवत लावायचं तर उसासारखं, कांड्यांनी. म्हणजे टिफवेची जगभरातली मैदानं ही एकाच झाडाची कलमं आहेत. त्यात बदल झालाच तर तो योगायोगानं. टिफग्रीनच्या मैदानांत कुठे कुठे एक बुटका ठिपका दिसला, तो वेगळा काढून वाढवला आणि १९६५ साली 'टिफड्वार्फ' झाला. तो आणखी खाली कापला तरी तग धरत होता.

याच माणसानं आपल्या ताटातली भाकरीही बदलली, हे गोल्फच्या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. बर्टन बाजरीवरही काम करत होता. त्याला बाजरीचा एक नरवांझ वाण मिळाला, 'टिफ्ट २३ ए'. तो त्यानं भारताला दिला. लुधियानात डी. एस. अटवाल यांनी त्यातून 'एचबी-१' ही देशातली पहिली संकरित बाजरी तयार केली, १९६५ साली. उत्पादन वाढत १९७०-७१ साली ८० लाख टनांवर गेलं. आणि मग केवडा रोग आला, ज्याला आपल्याकडे गोसावी असंही म्हणतात. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका. सगळ्या संकरित वाणांची आई एकच होती, टिफ्ट २३ ए. तिला हा रोग झेपत नव्हता, म्हणून लेकींनाही झेपला नाही. सत्तरच्या दशकात एकामागून एक वाण बाद करावे लागले. नव्या आया शोधायला पैदासकार पुन्हा देशोदेशीच्या गावरान बाजरीकडे गेले.

गोल्फ मैदानावरचं गवत मेलं तर कुणी उपाशी राहत नाही. पण धोका त्याच जातीचा आहे. एक झाड, त्याच्या लाखो प्रती, आणि त्या जगवायला पाणी, खत, औषधं, रोज फिरणारं यंत्र. याला उत्तर म्हणून १९८०च्या दशकात नेब्रास्का विद्यापीठानं अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या पैशावर वेगळंच गवत हाती घेतलं: बफेलो ग्रास. यातला बफेलो म्हणजे आपली म्हैस नाही, तिथला बायसन. हे त्या कोरड्या मैदानांचं मूळचं गवत. याच्याच मुळांनी विणलेल्या मातीच्या लाद्या कापून तिथल्या वसाहतवाल्यांनी एकेकाळी घरं बांधली. याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचे तुरे वर येऊन मैदान विस्कटलेलं दिसतं, म्हणून '६०९' या वाणासाठी मादी झाड निवडलं. पाणी कमी लागतं, कापणी कमी लागते. शोधाची दिशा उलटी होती. मैदानाला हवं तसं गवत घडवण्याऐवजी तिथल्या मातीला आधीपासून जमलेलं गवत मैदानावर आणायचं.

ते गवत पेणमध्ये आणून काही उपयोग नाही. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात ते कुजेल. पण तो विचार इथे लागू पडतो. कोकणातल्या पावसाला, खारेपणाला आणि उन्हाळ्याला जमलेलं गवत आपल्याकडे आहेच, बांधावर. ते वांझ नाही, बी धरतं, म्हणून एका बांधावरचं दुसऱ्या बांधावरच्यापेक्षा थोडं वेगळं असतं. कुठे पातं बारीक, कुठे पेर आखूड, कुठे जास्त खारं पाणी सोसणारं. १९६०च्या दशकात जॅक हार्लन हा अमेरिकी शास्त्रज्ञ या गवताचे नमुने गोळा करत आशिया-आफ्रिकेत हिंडला, त्यात भारतही होता. त्याला हवा होता तो हाच वेगळेपणा. भातासाठी आपण हे केलंही आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खारं सोसणारे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' हे वाण दिले. गवतासाठी बांध बघायला कोण जाणार?

दरम्यान बांधच राहतील की नाही, हा प्रश्न आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर. तेव्हा चर्चा झाली ती भाताची, मोबदल्याची, हेटवणे धरणाच्या पाण्याची. गवताचा विषय निघण्याचं कारणच नव्हतं. पण जमिनीवर भराव पडतो तेव्हा आधी बांध जातो आणि बांधाबरोबर त्यावरची हरळी जाते. वर उभ्या राहणाऱ्या वसाहतीत हिरवळ असतेच. ती ट्रकमधून, गुंडाळलेल्या चटईसारखी येते.

बांधावर शेंडे खुडणारी बाई रोज एक निवड करत असते. लांब पेराची नको, जून नको, पिवळी नको, तीन पात्यांची कोवळी घ्यायची. टिफ्टनमध्ये बर्टन पाच हजार रोपांतून फिरत होता, तोही नजरेनं हेच करत होता. त्याला १९८०च्या दशकात अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. हिच्या जुडीची किंमत आपण पाच रुपयांनी कमी करून मागतो. यंदा निदान ते तरी करू नये.