टपालाची झडती आणि ज्ञानबंदी

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका मित्राने मला कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरील दोन पुस्तके पाठवली. धरणगावच्या पोस्टात पार्सल आले, तेव्हा त्याचे एक टोक कापून पुन्हा चिकटवलेले होते आणि वर जकात तपासणीचा शिक्का होता. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांनी विचारले, "हाई पार्सल त्यासनी काबर फोडं?"

उत्तर साधे आहे. परदेशी टपालात काय आहे, त्यावर कर लागतो का, ते निषिद्ध आहे का, हे सरकार तपासते. परंतु या साध्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे.

1878 चा सागरी जकात कायदा वरवर महसुलाचा होता. त्याच्या 19 व्या कलमाने मात्र कोणत्याही मालाची आयात अधिसूचनेने रोखता येत असे, आणि छापील कागदही मालच ठरला. 1898 च्या टपाल कायद्याने निषिद्ध वस्तू टपालात शोधण्याची सोय केली. 1907 मध्ये श्यामजी कृष्णवर्मांच्या 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट'ला आणि 1909 मध्ये सावरकरांच्या 1857 वरील ग्रंथाला हिंदुस्थानचे दार बंद झाले. खटला नाही, सुनावणी नाही. एक अधिसूचना पुरे.

आमच्या समाजापुढे मात्र याहून जुना नाका होता. तिथे पुस्तक नव्हे, वाचणाराच निषिद्ध होता. तो नाका बाबासाहेबांनी फोडला. 1917 मध्ये विलायतेहून परतताना त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली. तरीही जगाशी त्यांचा व्यवहार थांबला नाही. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या आणि उत्तरही आले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. सागरापलीकडचा छापील कागद आमच्यासाठी चैन नव्हती.

तपासणीच नको, असे मी म्हणत नाही. शस्त्रे आणि अंमली पदार्थ टपालानेही येतात. प्रश्न एवढाच, की माल तपासणाऱ्या हाताने विचार का तपासावा? 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 11 व्या कलमात अधिसूचनेने बंदी घालण्याची जुनी सोय कायम राहिली. रश्दींच्या कादंबरीची आयात 1988 मध्ये तिच्याच आधारे रोखली गेली. 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना कोणालाच दाखवता आली नाही! कागद हरवला, बंदी मात्र छत्तीस वर्षे चालली. 1898 चा टपाल कायदा जाऊन 2023 चा आला. टपाल अडवून उघडण्याचा अधिकार त्यातही शाबूत आहे. म्हणून बंदीचे कारण लेखी मागणे आणि तिला आव्हान देणे, हे वाचकाचे काम आहे.

पार्सल घेताना मी सही केली. माझ्या आजोबांनी आयुष्यभर अंगठाच दिला. वडिलांनी कापलेले टोक निरखले आणि विचारले, "पुस्तकं सारी शेत ना?" मी मोजली. दोन्ही होती.