मिसोचे सार आणि विहाराचे स्वयंपाकघर

जपानी घरांत भाताबरोबर जे पातळ सार घेतले जाते, त्याला 'मिसोशिरू' म्हणतात. 'मिसो' म्हणजे शिजवून कुटलेले सोयाबीन, मीठ आणि तांदळावर किंवा जवावर वाढविलेली 'कोजी' नावाची बुरशी यांचे कित्येक महिने मुरविलेले मिश्रण. 'शिरू' म्हणजे रस. आरोग्यदायी आहार म्हणून त्याची शिफारस हल्ली आपल्याकडेही ऐकू येते. आम्हांस मात्र या पदार्थाविषयी कुतूहल वाटते ते विनयाच्या अभ्यासामुळे. ज्या संघात चिमूटभर मिठाच्या साठ्यावरून संगीती भरविण्याची वेळ आली, त्याच संघाच्या दूरदेशीच्या विहारांत मिसो वर्षभर मुरत ठेवला गेला, हे कसे घडले?

चुल्लवग्गातील वृत्तान्त वाचकांना परिचित आहे. महापरिनिब्बानानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंच्या ज्या दहा गोष्टी वादग्रस्त ठरल्या, त्यांतील पहिलीच 'सिंगिलोणकप्प', म्हणजे अळणी अन्नात घालण्यासाठी शिंगात मीठ जवळ बाळगणे. मीठ हे औषध म्हणून आयुष्यभर ठेवता येते. परंतु अन्नात मिसळण्यासाठी ते साठविले की अन्नसंचयाचा नियम त्यालाही लागू होतो. संगीतीने ते अमान्य केले. विहारात साठविलेले, विहारात शिजविलेले आणि भिक्खूने स्वतः शिजविलेले अन्नही निषिद्धच होते. राजगृहातील दुष्काळात तथागतांनी ही बंधने शिथिल केली आणि पुढे ती पुन्हा लागू केली, असे महावग्ग सांगतो. या नियमांमागे अन्नाविषयी तिटकारा नव्हता. भिक्खूचे जगणे रोज उपासकाच्या दारी बांधलेले असावे, हा हेतू होता. आणि ते दार कोणाचे, हे पाहावयाचे नव्हते. अन्न कोणाच्या हातचे, या प्रश्नावर ज्या समाजात माणसाची प्रत ठरत होती, तेथे घरे न वगळता ओळीने भिक्षा घेणे हे केवढे पाऊल होते, हे आपल्या वाचकांना विस्ताराने सांगावयास नको.

त्याच महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात 'लोणसोवीरक' नावाचे एक पेय येते. एका भिक्खूचा पोटातील वातविकार त्याने शमला. तेव्हा आजाऱ्याने ते तसेच घ्यावे व निरोग्याने पाण्यात मिसळून प्यावे, अशी अनुज्ञा तथागतांनी दिली. ते कसे करीत, हे बुद्धघोषांच्या समन्तपासादिकेत सापडते. सर्व धान्ये, कडधान्ये, फळे, कोंब, मासळीमांसाचे तुकडे, मध, काकवी, सैंधव इत्यादी मडक्यात घालून तोंड लिंपावयाचे आणि एक, दोन किंवा तीन वर्षे ठेवावयाचे. मुरल्यावर त्यास जांभळाच्या रसाचा रंग येतो. कडधान्य, मीठ, बंद मडके आणि काळ! मिसोचा कारखाना पाहिलेल्या माणसास हे वर्णन ओळखीचे वाटेल. तथापि मिसो हा लोणसोवीरकाचा वंशज आहे, असा दावा आम्ही करणार नाही. मिसोचे मूळ चीनमधील 'ज्यांग' या आंबविलेल्या पदार्थांत आहे, आणि बुद्धघोषांच्या मडक्यात कोजी नाही. साम्य दिसले की वंशावळ जुळविण्याचा मोह आपल्या अभ्यासकांनाही होतो. तो आवरलेला बरा.

जपानमध्ये हा पदार्थ झेन पंथाच्या आधीच पोहोचला होता. इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या राजकीय संहितेत त्याचा उल्लेख आहे. इ. स. ७५३ मध्ये जपानला पोहोचलेल्या विनयाचार्य गान्जिन यांनी तो आणला असेही सांगतात. पण ती आख्यायिका आहे. प्रारंभी मिसो तोंडी लावण्यासाठी खात. कामाकुरा काळात चीनमधून 'सुरिबाची', म्हणजे आतून रेघा असलेले मातीचे खलपात्र, आले. त्यात मिसो घोटून पाण्यात कालविणे सोपे झाले आणि साराचा प्रसार विहारांतून झाला, असे सामान्यतः मानले जाते.

तोवर विहारही बदलला होता. चीनच्या डोंगराळ भागातील मठांना केवळ रोजच्या भिक्षेवर राहणे शक्य नव्हते. बाइचांग (इ. स. ७२०–८१४) यांच्या नावाशी जोडलेल्या परंपरेत भिक्खूंनी शेत खणणे आणि स्वयंपाक करणे हे कर्तव्य ठरले. इ. स. १२२३ मध्ये दोगेन हे तरुण जपानी भिक्खू चीनच्या बंदरात जहाजावरच थांबले असता एक ६१ वर्षांचे वृद्ध भिक्खू जपानी अळंबी विकत घेण्यास तेथे आले. ते सुमारे ३५ ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) चालून आले होते. ज्या मठाचे ते आचारी होते, त्या पर्वताचे नाव सम्राट अशोकाच्या नावावरून पडलेले आहे. या वयात ध्यान व ग्रंथाभ्यास सोडून ही यातायात कशासाठी, असे दोगेन यांनी विचारले. वृद्धास हसू आले; साधना म्हणजे काय हेच या परदेशी तरुणास उमगलेले नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुक्कामाचा आग्रह झाला तरी उद्याच्या स्वयंपाकासाठी ते परत गेले. दोगेन यांनी हा प्रसंग इ. स. १२३७ मध्ये 'तेन्झो क्योकुन' या ग्रंथात नोंदविला. तेन्झो म्हणजे मठाचा आचारी, आणि हा ग्रंथ त्याच्यासाठीच लिहिलेला आहे. आमच्या मते हा विनयाचा त्याग नव्हे. शिंगातले मीठ स्वतःच्या जिभेसाठी होते. तेन्झोचे भांडे संघासाठी. पालि परंपरेचे कठोर अभ्यासक हे मान्य करणार नाहीत, आणि त्यांच्या आक्षेपास नियमाचा आधार आहे.

हे सार घरी करणे कठीण नाही. जपानी घरांत त्याच्या पाण्यात बहुधा सुकविलेली मासळी असते. मठात ती नसते. चौघांसाठी ८०० मिलिलिटर पाण्यात कोंबू या समुद्रशैवालाचा सुमारे १० ग्रॅम तुकडा व चार सुकी शिइताके अळंबी रात्रभर भिजवावी. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी येण्यापूर्वी कोंबू काढून घ्यावा. इकेदा किकुनाए यांनी इ. स. १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळे केले ते याच शैवालातून. साराची खोल चव त्यामुळेच येते. मग अळंबी चिरून, मुळा, गाजर व लाल भोपळ्याच्या पातळ फोडी घालून शिजवाव्यात. शेवटी पालक व टोफूचे तुकडे घालावेत. आच बंद करून, पळीभर कढत पाण्यात कालविलेला तीन मोठे चमचे मिसो त्यात मिसळावा. त्यानंतर उकळू नये. सुगंध जातो आणि मिसोतील जिवाणूही मरतात.

वरून मीठ मुळीच घालू नये. तांबड्या मिसोत सुमारे १२ टक्के मीठ असते, म्हणजे एका वाटीत दीड ग्रॅमहून अधिक. प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'आरोग्यदायी' म्हणून दिवसातून तीनदा हे सार पिणाऱ्याने, विशेषतः रक्तदाब असणाऱ्याने, हा हिशेब करावा. मिसो कमी व भाज्या अधिक घ्याव्यात. मुळ्याचा पाला टाकून देऊ नये, तोही बारीक चिरून सारात चालतो.