बुटांच्या दुकानातून निघालेला कार्बोरेटर

आजचा भाग जरा तेलकट आहे, आधीच सांगतो. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी माझ्या सेकंडहँड बाइकचा कार्बोरेटर हॉस्टेलच्या खोलीत पेपर अंथरून उघडला होता. कुणीतरी सांगितलेलं, "नीडलखाली एक वॉशर टाक, मग पिकअप बघ." टाकला. पिकअप राहिला बाजूला, प्लग काळा पडला आणि ॲव्हरेज धाडकन उतरलं. वर आणि उघडताना आतला काळा, पातळ रबरी पडदा फाटला. गॅरेजवाले काका शांतपणे म्हणाले, "अरे, आपण काय उघडतोय ते आधी बघायचं, मग पाना लावायचा." तेव्हा राग आला होता. पुढे त्या पडद्याचा इतिहास शोधायला लागलो आणि थेट शंभरएक वर्षं मागे, लंडनमधल्या बुटांच्या एका कंपनीत जाऊन पोचलो.

लिली अँड स्किनर ही ती कंपनी. त्या घरातला हर्बर्ट स्किनर पोटापाण्यासाठी बुटांचा धंदा बघायचा आणि उरलेल्या वेळात गाड्यांमध्ये डोकं घालायचा. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. तेव्हाच्या कार्बोरेटरची अडचण अशी होती, की हवा ज्या गळ्यातून जायची त्याचं माप कायमचं ठरलेलं. गळा अरुंद ठेवला तर हळू चालताना गाडी छान, पण वेगात इंजिनाचा श्वास कोंडणार. रुंद ठेवला तर वेगात मजा, पण हळू चालवताना हवेला जोर नाही, त्यामुळे पेट्रोल नीट ओढलंच जात नाही. एक व्हेरिएबल हार्डकोड केलंय आणि युजर मात्र रोज वेगळा इनपुट देतोय, असा प्रकार.

हर्बर्टचं उत्तर होतं, गळ्याचं माप इंजिनालाच ठरवू द्या. त्याने वर एक भाता बसवला, चामड्याचा. लोहाराकडे असतो ना, त्याचाच छोटा भाऊ. इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की भात्यातला दाब कमी होतो, भाता वर उचलला जातो, गळा मोठा होतो. भात्याला खाली एक निमुळती सुई लावलेली. ती वर आली की जेटच्या भोकात जागा वाढते आणि त्याच हिशोबाने पेट्रोलही जास्त येतं. हवेचा वेग जवळपास तोच राहतो, बदलतो फक्त रस्ता. कमाल म्हणजे हे चामड्याचे पहिले भाते हर्बर्टच्या बायकोने घरी शिवले होते. तिचं नाव मात्र पेटंटवर नाही.

पेटंटचा अर्ज १९०५चा. धाकटा भाऊ कार्ल याने बुटांच्या धंद्यातला आपला हिस्सा विकून यात उडी घेतली आणि १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. स्किनर युनियन, म्हणजेच एसयू. पुढे चामडं गेलं, त्या जागी धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये मॉरिस गाड्यावाल्या विल्यम मॉरिसने कंपनी विकत घेतली. मग काय, एमजी, मॉरिस, ऑस्टिन, जॅग्वार, जिथे बघाल तिथे एसयू. पहिल्या ई-टाइप जॅग्वारला तर दोन इंची तीन एसयू ओळीने असायचे.

आता साइड-ड्राफ्ट म्हणजे काय? हवा आडवी आत येते. आपल्या पद्मिनीत ती वरून खाली यायची, म्हणून तो डाउन-ड्राफ्ट. आडवा लावला की बॉनेट बुटकं ठेवता येतं आणि मिश्रण जवळपास सरळ रेषेत इंजिनात शिरतं. म्हणून स्पोर्ट्स गाड्यांना हे लाडके.

व्हिंटेज रॅलीत एखाद्याने बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या बाजूला बघा. धातूची उलटी घंटा आणि तिच्या डोक्यावर बुचासारखी टोपी दिसली, तर बहुतेक तो एसयू. बुच उघडलं की खाली एक दांडी, आणि पोकळीत पातळ तेल. हे तेल वंगणासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलेलं. त्याचं काम ब्रेक लावण्याचं आहे. तुम्ही अचानक थ्रॉटल दाबला की पिस्टनने झटकन वर उडी मारू नये, तेवढ्या क्षणापुरतं पेट्रोल थोडं जास्त मिळावं, म्हणून ते तेल त्याला धरून ठेवतं. तेल संपलं की गाडी अडखळते आणि मालक बिचारा इग्निशन तपासत बसतो.

पुढची ओळख बारकाईची. जुना एच प्रकार, मग एचएस, ज्यात फ्लोट बाउलमधून जेटपर्यंत नायलॉनची नळी जाते, आणि मग एचआयएफ, ज्यात बाउल पोटातच सामावलाय. एचएसचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश इंच. एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन. पण आकार सारखा म्हणजे कार्बोरेटर सारखा नव्हे! खरी ओळख दोन ठिकाणी असते. घंटेच्या एका स्क्रूखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, तिच्यावर नंबर. आणि सुईच्या बुंध्यावर कोरलेली एकदोन-तीन अक्षरं, जी वाचायला भिंग लागतं. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या सुयांचे शेकडो प्रकार आहेत. दर अष्टमांश इंचावर सुईची जाडी किती, हे इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत ठरलेलं असतं. अख्ख्या कार्बोरेटरचा प्रोग्राम त्या सुईवर लिहिलाय म्हणा ना.

आणि लोक आधी काय हरवतात? ती पट्टी. घंटा चकाचक पॉलिश करायची असते, पट्टी मध्ये येते, काढून कुठेतरी ठेवली जाते. मग त्या घंटेचा पिस्टन दुसऱ्या घंटेत जातो, जो कधीच जाऊ नये, कारण ही जोडी एकमेकांसाठी मापून जुळवलेली असते. काही उत्साही मंडळी आतूनही पॉलिश पेपर मारतात. झालं, हवा सुटायला लागली, आता सुई कुठलीही घाला.

मॉडिफिकेशनला माझा विरोध नाही. मोकळा फिल्टर लावा, मोठा एक्झॉस्ट लावा, हरकत नाही. पण हवा वाढली तर सुईही बदलायला लागते. ती तशीच ठेवली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि वाईटात वाईट म्हणजे सिलिंडरमधला पिस्टन वितळतो. आवाज भारी येतोय म्हणून खुश असलेल्या माणसाला हे उशिरा कळतं.

एसयूच्या इतिहासातलं मला सगळ्यात आवडणारं मॉडिफिकेशन गाडीतलं नाहीच. १९४० साली स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांना एसयूचे कार्बोरेटर होते. घंटेवाला नमुना नव्हे, पण फ्लोट बाउल त्यातही होता. जर्मन मेसरश्मिट विमानात फ्युएल इंजेक्शन. जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारायचा. ब्रिटिश वैमानिकाने तसंच केलं की बाउलमधलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन आधी उपाशी राहायचं आणि मग एकदम पेट्रोलने भरून जायचं. शत्रू पाठीमागे असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय, कल्पना करा.

फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत बिॲट्रिस शिलिंग नावाची इंजिनिअर होती. नॉर्टन मोटरसायकलवरून ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर लॅप मारणारी बाई. तिने नवा कार्बोरेटर बनवला नाही. इंजिनाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं ते काढलं आणि तेवढंच जाईल असं भोक असलेली धातूची छोटी चकती पेट्रोलच्या वाटेत बसवली. विमान सेवेतून न काढता बसवता येईल अशी. १९४१ मध्ये ती आणि तिची छोटी टीम एअरफील्ड ते एअरफील्ड फिरून या चकत्या बसवत होती. आजार पूर्ण गेला नाही, पण पेट्रोलचा पूर थांबला. एक चकती तिची, एक वॉशर माझा. तिने आधी गणित केलं होतं.

एसयूचं नाव निघालं की वेबरवाले भांडायला येतात, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडं. एडोआर्दो वेबर, गाव बोलोन्या, सुरुवात १९२३. साइड-ड्राफ्टमध्ये त्यांचा डीसीओई प्रसिद्ध. दोन गळे शेजारी शेजारी, अंगावर ४० किंवा ४५ असा आकडा, तो मिलिमीटरमधला. इथे गळ्याचं माप आपोआप बदलत नाही, पण गळा, जेट, हवेचं जेट, इमल्शन ट्यूब, सगळं सुटं काढून बदलता येतं. एसयू स्वतः जुळवून घेतो, वेबर म्हणजे भलीमोठी सेटिंग फाइल. रेसिंगला वेबर भारीच. पण शहरात रोज चालवायच्या गाडीचे जुने एसयू उपटून दोन ४५ लावायचे आणि सिग्नलला गाडी बंद पडली की वेबरला नावं ठेवायची, हे काही मला पटत नाही. स्वतः वेबर मे १९४५ मध्ये, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, गायब झाले. परत कधीच दिसले नाहीत.

आणि माझा तो फाटलेला पडदा? एसयूचं पेटंट चुकवायला १९६०च्या दशकात स्ट्रॉमबर्ग नावाचा कार्बोरेटर ट्रायम्फ गाड्यांत आला. तत्त्व तेच, फक्त पिस्टनला रबरी पडदा. हीच सोय पुढे मोटरसायकलींच्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये आली. पल्सरच्या कित्येक मॉडेल्समध्ये तो होता. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ आलं आणि नव्या बाइक्समधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. म्हणजे चामड्याचा भाता, मग धातूचा पिस्टन, मग पुन्हा रबराचा भाता. मी हॉस्टेलमध्ये फाडला तो स्किनरबाईंनी शिवलेल्या भात्याचा पणतूच होता.

तुमच्या घरी, काकांच्या गोडाऊनमध्ये किंवा गल्लीतल्या गॅरेजात अशी धातूची घंटा धूळ खात पडली असेल तर फोटो पाठवा. पट्टीच्या बाजूने काढा. आणि प्लीज, अजून उघडू नका.