अचूक उपचार परवडतात का? मावळ-लोणावळ्यातल्या कुटुंबांसाठी माहिती

घरात कॅन्सर निघाला की लोणावळा, कामशेत, वडगावची आपली माणसं लोकलने पुणे गाठतात, नाहीतर घाट उतरून मुंबई. मोहल्ल्यात मदत गोळा होते, जकातीचा पैसाही येतो. तो योग्य जागी लागावा म्हणून काही गोष्टी आपण माहीत करून घेऊ.

अचूक उपचार म्हणजे काय?
सगळ्यांना एकच औषध न देता आजाराचं नेमकं कारण तपासून त्यालाच लागू पडणारं औषध देणं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'हर-टू' तपासणी करतात. शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींचाच रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. ट्रॅस्टुझुमॅब हे महागडं औषध त्यांच्यासाठीच. बाकीच्यांचे लाखो रुपये ही छोटी तपासणी वाचवते.

किंमत कमी कशी होते?
रक्ताच्या एका कॅन्सरवर (सीएमएल) इमॅटिनिबची गोळी आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय जेनेरिकचा दहा हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी चालू राहिली.

दुसरं उदाहरण 'नेक्सकार१९'. यात पेशंटच्याच पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात असा उपचार तीन-चार कोटींचा, इथे साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात. तरी ३०-४० लाख म्हणजे जमीन विकण्याची वेळ. स्वस्त झालं म्हणजे परवडलं, असं नाही.

हिशेब कसा करायचा?
नुसती किंमत बघू नका. जास्तीच्या पैशात चांगलं आयुष्य किती वाढतं ते बघा. लागू न पडणारी वीस हजारांची दवा महागच, आणि दहा वर्षं देणारी दोन लाखांची स्वस्त.

डॉक्टरांना हे विचारा
१. या औषधाआधी कोणती तपासणी हवी?
२. जेनेरिक किंवा बायोसिमिलर मिळेल का?
३. साध्या उपचारापेक्षा फायदा किती?
४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण प्रत्येक औषध त्यात असेलच असं नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

चालू गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि रिपोर्ट जपून ठेवा. आधी तपासणी, मग चंदा: आपण एवढा नियम पाळला तरी बरेच पैसे आणि कधी कधी माणूसही वाचेल.